गो अपग्रेड केलं, आता यादीची फंक्शनं एकदाच लिहूया

राजेंद्रनगरातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात दिवाळी अंक आले की सभासदांची रांग लागते. इंदुरात मराठी अंक पुण्यामुंबईसारखा कोपऱ्यावरच्या स्टॉलवर मिळत नाही, म्हणून प्रत्येक अंक घरोघरी फिरतो आणि कोणता अंक कोणाकडे गेला याची नोंद चोख ठेवावी लागते. ही नोंद ठेवणारा प्रोग्राम मी गो भाषेत लिहिला होता, तेव्हा गोमध्ये जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन अनेक टाइपांसाठी लिहायची सोय, नव्हती. ‘ही गोष्ट या यादीत आहे का?’ एवढंच विचारणारं फंक्शन मी तीनदा लिहिलं होतं: सभासद क्रमांकांसाठी इंटचं, नावांसाठी स्ट्रिंगचं, वर्गणीच्या रकमांसाठी फ्लोटचं. तिन्हींत एकच चूक होती. लूप शेवटच्या घटकाच्या एक आधी थांबत होता. चूक सापडली तेव्हा मी ती इंटच्या फंक्शनात दुरुस्त केली आणि निर्धास्त झाले.

पुढच्या दिवाळीत एका काकूंना टेबलावरून सांगितलं गेलं, ‘तुमचं नाव यादीत नाही.’ वर्गणी भरलेली, पावती हातात. त्या नुकत्याच सभासद झाल्या होत्या, म्हणून नाव यादीच्या अगदी शेवटी होतं. स्ट्रिंगच्या फंक्शनात ती चूक तशीच राहिली होती.

तेव्हापासून एकच काम तीन ठिकाणी लिहिलेलं दिसलं की मला त्या काकूंचा चेहरा आठवतो. गो १.१८ मार्च २०२२ मध्ये आली आणि टाइप पॅरामीटर, म्हणजे फंक्शनात टाइपसाठी ठेवलेली रिकामी जागा, घेऊन आली. आता ते फंक्शन एकदाच लिहिता येतं. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोनचार मुलं माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येतात. त्यांना जे क्रमाने सांगते तेच इथे लिहिते आहे. तुम्हाला गोचे लूप, फंक्शन आणि स्ट्रक्ट येतात इतकं मी धरून चालते.

कोडबद्दल आधी एक सूचना. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून मी इथला कोड देवनागरीत लिहिला आहे. टाइप करताना फंक, फॉर, रेंज, रिटर्न हे शब्द नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाका, आणि नावंसुद्धा. गो नावांमध्ये युनिकोडमधली अक्षरं चालवून घेतं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हं त्याच्या हिशेबात ‘अक्षर’ नाहीत. त्यामुळे ‘गट’ हे नाव चालतं आणि ‘यादी’ हे नाव चालत नाही. शिवाय पॅकेजबाहेर दिसणारं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीतच. मला याचं वाईट वाटतं, पण नियम तसा आहे.

पायरी पहिली: आवृत्ती दोन ठिकाणी बघा

नवशिके बहुतेक इथेच अडतात. टर्मिनलवर ‘गो व्हर्जन’ टाकलं की मशीनवर कोणतं गो आहे ते कळतं. पण तुमच्या प्रोजेक्टच्या गो.मॉड फाइलीतही ‘गो १.१७’ अशी एक ओळ असते. मशीनवर कितीही नवं गो असो, त्या ओळीत १.१७ लिहिलेलं असेल तर कंपायलर टाइप पॅरामीटर नाकारतो आणि त्यासाठी १.१८ किंवा पुढची आवृत्ती हवी असं सांगतो. ती ओळ बदला.

मात्र ती ओळ सहज म्हणून वाढवत नेऊ नका, तिला अर्थ आहे. १.२१ पासून ती किमान आवृत्तीची अट झाली: मशीनवरचं गो त्याहून जुनं असेल तर ते कंपाइल करायला नकार देतं, किंवा सेटिंग तसं असेल तर योग्य टूलचेन स्वतः उतरवून घेतं. आणि ओळीत १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलीत तर फॉर लूपचं चलच बदलतं. पूर्वी सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच चल असे, आता प्रत्येक फेरीला नवं मिळतं. बहुतेक प्रोग्राम यामुळे सुधारतात, पण बदल झाला हे ठाऊक असावं. म्हणून आधी गिटमध्ये कमिट, मग ओळ बदलणं, मग सगळ्या टेस्ट चालवणं, आणि त्यानंतरच नवं लिहायला घेणं. आजच्या लेखासाठी १.२१ किंवा पुढची आवृत्ती घ्या, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत याद्यांसाठी ‘स्लाइसेस’ आणि तुलनेसाठी ‘सीएमपी’ ही दोन पॅकेजं प्रमाणित लायब्ररीत आली.

जुना कोड मात्र लगेच बदलायची गरज नाही. गो १ साठी लिहिलेला प्रोग्राम पुढच्या १.क्ष आवृत्त्यांतही कंपाइल होत राहावा हे गोचं २०१२ पासूनचं वचन आहे.

पायरी दुसरी: अ‍ॅरे की स्लाइस?

बोलताना आपण सगळ्यालाच अ‍ॅरे म्हणतो. गोमध्ये अ‍ॅरेची लांबी त्याच्या टाइपचाच भाग असते, त्यामुळे सात इंटचा अ‍ॅरे आणि तीस इंटचा अ‍ॅरे हे दोन वेगळे टाइप आहेत. ‘कितीही लांबीचा अ‍ॅरे घे’ असं टाइप पॅरामीटरने सांगता येत नाही. म्हणून फंक्शन स्लाइससाठी लिहायचं आणि अ‍ॅरे असेल तर देताना त्याची स्लाइस करायची: ‘वार[:]’. ही स्लाइस मूळ अ‍ॅरेचीच जागा दाखवते, कॉपी होत नाही. फंक्शनने आत काही बदललं तर तुमच्या अ‍ॅरेतही बदलेल.

पायरी तिसरी: पहिलं फंक्शन

ज्या फंक्शनने माझी फजिती केली तेच घेऊ.

फंक आहेका[टी कम्पॅरेबल](यादी []टी, हवं टी) बूल {
    फॉर _, घटक := रेंज यादी {
        इफ घटक == हवं {
            रिटर्न ट्रू
        }
    }
    रिटर्न फॉल्स
}

नवीन आहे ते फक्त नावानंतरच्या चौकटी कंसात. ‘टी’ ही टाइपची रिकामी जागा, आणि ‘कम्पॅरेबल’ ही त्या जागेवर कोण बसू शकतं याची अट. पुढे गोल कंसात टीची स्लाइस आणि टीचाच एक घटक. लूपमध्ये रेंज वापरलं आहे हेही बघा. आकडा मोजत बसायचं नाही, म्हणजे शेवटचा घटक सुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

मुलांना हे समजावताना मी घरातल्या सोऱ्याचं उदाहरण देते. सोऱ्या एकच, त्यात बेसन भरा, चकलीची भाजणी भरा. सोऱ्याला पिठाशी देणंघेणं नाही, पण पीठ नीट भिजवलेलं हवं. कोरडं पीठ भरलंत तर काही बाहेर येणार नाही. ‘नीट भिजवलेलं’ ही अट झाली.

आता मुद्दाम एक चूक करून बघा. कम्पॅरेबलच्या जागी ‘एनी’ लिहा, म्हणजे ‘कोणताही टाइप चालेल’. कंपायलर बरोबर-बरोबर चिन्हाच्या ओळीवर थांबेल. कोणताही टाइप म्हणजे स्लाइस आणि मॅपसुद्धा आले, आणि दोन स्लाइस एकमेकींशी == ने ताडता येत नाहीत. कंपायलर फंक्शन वापरलं जायची वाट बघत नाही, लिहितानाच विचारतो: तुझ्या पोटात जे चाललंय ते या अटीतल्या प्रत्येक टाइपला जमेल का?

हा प्रश्न मनात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. फंक्शनच्या पोटात जेवढं करायचं तेवढीच अट मागायची. नुसते घटक इकडून तिकडे न्यायचे असतील तर एनी, समान आहेत का बघायचं असेल तर कम्पॅरेबल, लहानमोठं ठरवायचं असेल तर सीएमपी पॅकेजातलं ‘ऑर्डर्ड’, आणि आकडेमोड करायची असेल तर आपली स्वतःची अट.

फंक्शन बोलावताना टाइप लिहावा लागत नाही. आहेका(क्रमांक, २१४) असं लिहिलं की क्रमांक ही इंटची स्लाइस आहे हे पाहून कंपायलर टीच्या जागी इंट बसवतो. जिथे टी फक्त परत मिळणाऱ्या किमतीत येतो, घेतलेल्या गोष्टींत नाही, तिथे मात्र त्याला अंदाज करता येत नाही. मग रिकामी[इंट]() असं तुम्हीच सांगायचं.

कम्पॅरेबलबद्दल आणखी एक. ज्या स्ट्रक्टचे सगळे भाग ताडता येतात तो स्ट्रक्टही ताडता येतो. आमच्या सभासद स्ट्रक्टमध्ये घेतलेल्या पुस्तकांची स्लाइस होती, त्यामुळे सभासदांच्या यादीवर आहेका चालेना. कंपायलरने बरोबर अडवलं. दोन सभासद ‘सारखे’ म्हणजे काय, हे तोवर मी ठरवलंच नव्हतं. क्रमांक सारखा म्हणजे माणूस तोच, असं ठरवून ती तुलना मी वेगळ्या फंक्शनात लिहिली. इंटरफेस टाइपच्या याद्या वापरत असाल तर एक सावधगिरी: १.२० पासून तेही कम्पॅरेबलच्या जागी बसू शकतात, पण आत स्लाइससारखं काही निघालं तर प्रोग्राम चालू असताना पॅनिक होतो, म्हणजे मध्येच बंद पडतो.

पायरी चौथी: बेरीज, आणि सैल अटीचा धोका

वर्गणीची बेरीज हवी आहे. एका मुलाने उत्साहात अट म्हणून ऑर्डर्ड लिहिलं आणि ते कंपाइल झालं. तो म्हणाला, “ताई, चाललं की.” चाललं खरं, कारण ऑर्डर्डमध्ये सगळ्या प्रकारचे पूर्णांक, अपूर्णांक आणि स्ट्रिंग येतात, आणि अधिक चिन्ह या सगळ्यांवर चालतं. फक्त स्ट्रिंगवर ते बेरीज करत नाही, जोडतं. त्याच फंक्शनला मी सभासदांच्या नावांची यादी दिली तेव्हा पडद्यावर सगळी नावं एकमेकांना चिकटलेली एक लांबलचक ओळ आली. कुठेही चूक दिसली नाही, कुठेही थांबलं नाही. अशा वेळी अट आपण स्वतः लिहायची.

टाइप संख्या इंटरफेस {
    ~इंट | ~इंट६४ | ~फ्लोट६४
}

फंक बेरीज[टी संख्या](यादी []टी) टी {
    व्हार एकूण टी
    फॉर _, घटक := रेंज यादी {
        एकूण += घटक
    }
    रिटर्न एकूण
}

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. ‘व्हार एकूण टी’ या ओळीने टीची शून्य किंमत मिळते. टी काय आहे हे ठाऊक नसताना सुरुवात करायची असेल तर हीच रीत.

आता ती लाटेसारखी खूण, टिल्ड. मी पैशांसाठी फ्लोट सोडून दिला आहे, आणि तुम्हीही सोडा अशी माझी कळकळीची विनंती. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. म्हणून ‘टाइप पैसे इंट६४’ असा वेगळा टाइप केला आणि सगळा हिशेब पैशांत ठेवला, दाखवताना रुपये. अटीत टिल्डशिवाय नुसतं इंट६४ असतं तर ‘पैसे’ हा टाइप तिथे बसला नसता, कारण नाव वेगळं म्हणजे टाइप वेगळा. टिल्ड सांगतं की मुळाशी इंट६४ असलेला कोणताही टाइप चालेल. आपल्या अटींमध्ये टिल्ड जवळजवळ नेहमीच हवं. लहान पूर्णांक, म्हणजे इंट८ वगैरे, मी अटीत मुद्दाम घेतलेले नाहीत. बेरीज त्याच टाइपात होते, आणि इंट८मध्ये १२७च्या पुढे गेलात की आकडा न सांगता उणे होतो.

पायरी पाचवी: सर्वात मोठं शोधताना रिकामी यादी

फंक मोठं[टी सीएमपी.ऑर्डर्ड](यादी []टी) (टी, बूल) {
    व्हार उत्तर टी
    इफ लेन(यादी) == ० {
        रिटर्न उत्तर, फॉल्स
    }
    उत्तर = यादी[०]
    फॉर _, घटक := रेंज यादी[१:] {
        इफ घटक > उत्तर {
            उत्तर = घटक
        }
    }
    रिटर्न उत्तर, ट्रू
}

रिकाम्या यादीतलं सर्वात मोठं काय? शून्य परत दिलं तर ते खरं शून्य की ‘काहीच नाही’, हे कळायला मार्ग नाही. म्हणून दुसरी किंमत बूल. प्रमाणित स्लाइसेस पॅकेजातलं ‘मॅक्स’ रिकाम्या यादीवर पॅनिक करतं. तेही एक प्रामाणिक उत्तर आहे, पण वाचनालयाच्या टेबलावर बसलेल्या काकांपुढे प्रोग्राम बंद पडलेला मला नको होता.

सुरुवात शून्याने न करता पहिल्या घटकाने केली आहे. शून्याने केलीत तर सगळे आकडे उणे असताना उत्तर चुकतं. इंटसाठी हे कधीतरी लक्षात येतं. टी काय आहे हेच ठाऊक नसताना मात्र ही शिस्त पाळावीच लागते.

पायरी सहावी: गाळणं आणि बदलणं

थकबाकी असलेले सभासद वेगळे काढायचे आहेत. स्लाइसेस पॅकेजात ‘डिलीटफंक’ आहे, पण ते दिलेल्या यादीतच फेरफार करतं. मूळ यादी जशीच्या तशी ठेवून नवी यादी देणारं फंक्शन आपण लिहू.

फंक गाळ[एस ~[]ई, ई एनी](यादी एस, ठेवू फंक(ई) बूल) एस {
    निकाल := मेक(एस, ०, लेन(यादी))
    फॉर _, घटक := रेंज यादी {
        इफ ठेवू(घटक) {
            निकाल = अपेंड(निकाल, घटक)
        }
    }
    रिटर्न निकाल
}

इथे दोन टाइप पॅरामीटर का? साध्या []टी ने काम झालं असतं, पण माझा ‘सभासदयादी’ असा नाव दिलेला स्लाइस टाइप आहे आणि त्याला छापण्याची मेथड आहे. []टी घेतलं की यादी आत जाते, पण बाहेर येते ती साधी स्लाइस, मेथड गमावलेली. ‘एस’ म्हणजे मुळाशी ईची स्लाइस असलेला कोणताही टाइप, असं म्हटलं की जो टाइप आत गेला तोच बाहेर येतो. आत घेता आणि तसंच परत देता, तिथे हा नमुना वापरा. आहेका आणि बेरीज या फंक्शनांना त्याची गरज नाही, तिथे उगाच घालू नका.

मेकने सुरुवात केल्याचा आणखी एक फायदा आहे. एकही घटक अटीत बसला नाही तर परत जाते ती रिकामी स्लाइस, निल नाही. गोमध्ये दोन्हींची लांबी शून्यच, पण जेसॉनमध्ये (अ‍ॅपला माहिती पाठवायच्या मजकुराच्या नमुन्यात) रिकामी स्लाइस रिकाम्या कंसासारखी दिसते आणि निल असेल तर ‘नल’. फोनवरच्या अ‍ॅपने यादीची अपेक्षा ठेवली आणि नल आलं तर ते अडखळतं.

एका टाइपच्या यादीतून दुसऱ्या टाइपची यादी करायची असेल, समजा सभासदांवरून नुसती नावं, तर:

फंक बदल[अ, ब एनी](यादी []अ, कसं फंक(अ) ब) []ब {
    निकाल := मेक([]ब, लेन(यादी))
    फॉर आय, घटक := रेंज यादी {
        निकाल[आय] = कसं(घटक)
    }
    रिटर्न निकाल
}

हे मेथड म्हणून लिहायचा मोह होईल. १.१८ मध्ये टाइप पॅरामीटर आले ते फंक्शनांना आणि टाइपांना. मेथडला तिचे स्वतःचे टाइप पॅरामीटर देता येत नव्हते. म्हणून याद्यांची अशी कामं साध्या फंक्शनांतच ठेवा.

पायरी सातवी: मराठी नावं, समान आणि लहानमोठं

हा भाग कोणत्याही ट्यूटोरियलमध्ये मला मिळाला नाही आणि आमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा ठरला, म्हणून इथे थोडं थांबते.

जेनेरिक फंक्शनमध्ये == आणि < तुम्ही लिहिता तेव्हा स्ट्रिंगसाठी त्याचा अर्थ एकच: बाइट्सची तुलना. ‘इंदूर’ या शब्दात पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं: इ, अनुस्वार, द, ऊकार, र) आहेत, देवनागरीच्या प्रत्येकाला यूटीएफ-८मध्ये तीन बाइट, म्हणून लेन(“इंदूर”) पंधरा सांगतं. गोला हा शब्द म्हणजे पंधरा बाइट्सची माळ. आपल्याला दिसणारी अक्षरं त्याला दिसत नाहीत.

आता ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. अर्धा र डोक्यावर न देता अक्षराआधी आडवा काढतो, तो इथे आहे. तो टाइप करायच्या निदान तीन रीती आहेत. एक, मराठीचा खास ‘ऱ’ आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, खाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. इंदुरात कोणी मराठी कीबोर्डावर टाइप करतं, कोणी हिंदी, कोणी फोनवर बोलून. आमच्या नोंदींत तिन्ही सापडली. आहेका मात्र प्रामाणिकपणे सांगत होतं की ही तीन वेगळी नावं आहेत.

पहिल्या दोन रीती युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक होतात. गोच्या प्रमाणित लायब्ररीबाहेरच्या टेक्स्ट मॉड्यूलमध्ये ‘नॉर्म’ पॅकेज आहे, त्यातल्या ‘एनएफसी’ने नुक्त्याचा र खऱ्या ऱ मध्ये बदलतो. तिसरी रीत त्याने बदलत नाही. र, हलन्त आणि जोडचिन्ह अशी जोडी सापडली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं काम आपणच करायचं. हे सगळं ‘शुद्ध’ नावाच्या एका लहान फंक्शनात ठेवा आणि नाव नोंदवतानाच लावा. मग बदल(जुनीनावं, शुद्ध) असं म्हटलं की आधीची सगळी यादीही एका झटक्यात स्वच्छ होते. आत्ताच लिहिलेलं फंक्शन असं लगेच कामाला येतं.

आता क्रम. ‘काळे’ आणि ‘काशीकर’ यांत आधी कोण? युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर, श च्या आधी आहे. म्हणून स्लाइसेसचं ‘सॉर्ट’ काळेंना आधी बसवतं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे काशीकर आधी. वाचनालयातले काका यादी बघून म्हणाले, “अगं, ही कोणती बाराखडी?” त्यांचं बरोबर होतं. चाळीस वर्षं कार्डांच्या पेटीत त्यांनी तोच क्रम लावला होता.

यावर उपाय म्हणजे लहानमोठं ठरवण्याचं काम फंक्शनने स्वतःकडे न ठेवता बोलावणाऱ्याकडे द्यायचं. ‘सॉर्टफंक’ हे तेच करतं: यादी घेतं आणि दोन घटकांची तुलना करणारं फंक्शन घेतं, जे उणे, शून्य किंवा अधिक पूर्णांक देतं. टेक्स्ट मॉड्यूलमधल्या ‘कोलेट’ पॅकेजात मराठी भाषा देऊन कोलेटर, म्हणजे त्या भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारा, तयार करता येतो आणि त्याची ‘कम्पेअरस्ट्रिंग’ मेथड थेट सॉर्टफंकला देता येते, कारण तिचा आकार नेमका तोच आहे.

कोलेटर := कोलेट.न्यू(लँग्वेज.मराठी)
नवी := स्लाइसेस.क्लोन(नावं)
स्लाइसेस.सॉर्टफंक(नवी, कोलेटर.कम्पेअरस्ट्रिंग)

आधी क्लोन केलं, कारण सॉर्ट यादी जागच्या जागी बदलतं आणि मला आल्याचा क्रमही हवा होता. निकालात ळ, क्ष, ज्ञ असलेली नावं स्वतः डोळ्यांनी तपासा, आणि जमलं तर वर्णमाला पाठ असलेल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला दाखवा. जुनी उदाहरणं वाचताना एक ध्यानात ठेवा: प्रमाणित लायब्ररीत यायच्या आधी प्रायोगिक पॅकेजातलं सॉर्टफंक बूल देणारं फंक्शन मागत असे. तसा कोड १.२१ मध्ये कंपाइल होत नाही.

शोधण्याचंही तसंच. जिथे == तुमच्या मनातला अर्थ सांगत नाही तिथे ‘कंटेन्सफंक’ किंवा ‘इंडेक्सफंक’ वापरा आणि अर्थ तुम्ही द्या. आमचा सभासद शोधणं आता क्रमांकावरून असंच होतं.

पायरी आठवी: लिहायच्या आधी बघा, लिहिलेलं आहे का

आहेका मी शिकण्यासाठी लिहायला लावलं. रोजच्या कामात स्लाइसेस.कंटेन्स वापरा, ते हेच करतं. इंडेक्स, रिव्हर्स, इक्वल, लागोपाठची पुनरावृत्ती काढणारं कॉम्पॅक्ट, दुभागून शोधणारं बायनरीसर्च, सगळं तयार आहे. डिलीट वापरताना परत आलेली यादीच पुढे वापरा, जुनी नको. १.२२ पासून ते मागे उरलेल्या जागा शून्य किमतीने पुसतं, त्यामुळे जुनी यादी धरून बसलेला कोड रिकामी नावं दाखवू लागतो. आपण केलेलं गाळ आणि बदल मात्र त्या पॅकेजात नाहीत, ते जपून ठेवा.

प्रत्येक घटकाची एखादी मेथड बोलावणं एवढंच करायचं असेल तर साधा इंटरफेस पुरतो, जेनेरिक्सची गरज नाही. आणि एकाच टाइपसाठी एकदाच लागणारं फंक्शन असेल तर ते साधंच राहू द्या. मी दुसऱ्या टाइपसाठी तेच लिहायला बसते तेव्हा थांबते आणि जेनेरिक करते.

वेगासाठीही हे करू नका. १.१८ मध्ये कंपाइल व्हायचा वेळ सुमारे १५ टक्क्यांपर्यंत वाढू शकत होता, तो १.२० मध्ये परत १.१७च्या जवळ आला. चालण्याच्या वेगात फरक पडतो की नाही हे तुमच्या यादीवर बेंचमार्क करूनच कळेल.

पायरी नववी: जुन्या कॉप्या काढणं

एका दिवसात सगळं उपटू नका. मी असं केलं: जुनी तिन्ही फंक्शनं नावासकट राहू दिली, फक्त त्यांच्या पोटातला लूप काढून तिथे नव्या फंक्शनला बोलावणारी एक ओळ ठेवली. बोलावणाऱ्या कोडला काही कळलंही नाही. वर ‘डेप्रिकेटेड:’ अशी टिप्पणी लिहिली, म्हणजे एडिटर त्या नावावर रेघ ओढून दाखवतो. टेस्ट चालवल्या. मग दर रविवारी एकेका फाइलीतली जुनी नावं बदलत गेले, आणि शेवटचा वापर गेला तेव्हा ती फंक्शनं पुसली.

टेस्ट लिहिताना प्रत्येक जेनेरिक फंक्शन निदान तीन टाइपांवर चालवा: इंट, स्ट्रिंग आणि ‘पैसे’सारखा स्वतः नाव दिलेला टाइप. टिल्ड विसरला असेल तर तो तिसऱ्यावरच सापडतो. प्रत्येक टाइपसाठी निल यादी, रिकामी यादी, एकाच घटकाची यादी, आणि हवा तो घटक पहिला असलेली व शेवटचा असलेली यादी. आमच्या टेस्टमधल्या नावांच्या यादीत ‘कऱ्हाडे’ तिन्ही रीतींनी टाइप करून ठेवलं आहे, आणि तिन्ही वेळा ते यादीच्या अगदी शेवटी आहे.